पहाटे उठू नका, पंचांग बघा

पक्षी बघायला लागलो तेव्हा ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, पहाटे उठ. जंगलात, माळावर, गावातल्या आमराईत ते अगदी बरोबर आहे. पण मी रत्नागिरीत राहतो, आणि सलग तीन रविवार सकाळी सहाला भाट्याच्या पुलावर जाऊन उभा राहिलो, गळ्यात नवी कोरी दुर्बीण, थर्मासमध्ये चहा. पहिल्या रविवारी खाडी काठोकाठ भरलेली, एक बगळा आणि बाकी सगळे कावळे. दुसऱ्या रविवारी पाणी पार लांब गेलेलं, चिखलावर शेकडो पक्षी पण इतके लांब की दुर्बिणीतून नुसते मोहरीचे दाणे. तिसऱ्या रविवारी परत काठोकाठ. शेवटी पुलाच्या टोकाला पाटी घेऊन रिक्षाची वाट बघणाऱ्या एका मावशींनी विचारलंच, काय रोज बघत असतोस रे? म्हटलं पक्षी. तर म्हणाल्या, "आज अष्टमी ना, दुपारपर्यंत चिखल दिसायचा नाय. आणि दिसला तरी भांगाचा, थोडाच. पुनवेकडं ये."

इतक्या पुस्तकात आणि यूट्यूबवर जे मला सापडलं नव्हतं ते मावशींनी दोन वाक्यात सांगितलं. समुद्रकाठच्या गावात पक्षी घड्याळावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात, आणि पाणी चालतं तिथीवर.

आता हे नीट समजून घेऊ, कारण एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

चंद्राच्या ओढीमुळे समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते हे शाळेत झालंय. दोन भरत्यांच्या मधे साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा. आपली तिथी पण चंद्रावरच आहे, म्हणून तिथीवरून भरतीची वेळ काढता येते आणि किनाऱ्यावरच्या लोकांचा त्याचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. भरतीच्या वेळेत सहा तास मिळवले की ओहोटी, आमच्याकडे तिला सुकती म्हणतात. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला चांगला जुळतो, दक्षिणेकडे पाणी आधी भरतं म्हणून रत्नागिरीला तासभर कमी धरायचा. अर्धा तास इकडेतिकडे होतंच, मिनिटामिनिटाचं हवं असेल तर टाइड टेबल मोबाईलवर मिळतं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून मनातल्या मनात वेळ काढण्यात जी मजा आहे ती त्यात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात म्हणून पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, एकाची ओढ दुसऱ्याला मारते, पाणी थोडं चढतं थोडं उतरतं, तो भांग. म्हणजे माझा पहिला आणि तिसरा रविवार अष्टमीचा होता, सकाळी खाडी भरलेली. मधला अमावास्येचा, पहाटे पाचच्या दरम्यान सुकती आणि ती पण उधाणाची, त्यामुळे चिखल पार लांबपर्यंत उघडा. आणि त्या दिवशी मी साडेसातला कंटाळून घरी गेलो (घरी आंबोळ्या होत्या हे खरं कारण). अजून दीड तास थांबलो असतो तर पाण्यानेच सगळे पक्षी ढकलत ढकलत माझ्यासमोर आणून ठेवले असते.

कारण भरतीचं पाणी एकसारखं चढत नाही. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात एकूण चढावाचा साधारण बारावा हिस्सा येतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासात निम्मं पाणी येतं. त्या दोन तासात चिखलाचा पट्टा डोळ्यादेखत अरुंद होत जातो आणि त्यावर पांगलेले सगळे पक्षी एकमेकांच्या अंगावर आल्यासारखे काठाला जमतात, घाईघाईने खातात, भांडतात, उडतात, परत बसतात. बघायचं ते तेव्हा. पूर्ण भरती झाली की ते वाळूच्या दांड्यावर, खडकावर, नाहीतर मिठागराच्या बांधावर जाऊन एका पायावर उभे राहून झोपतात, आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच.

म्हणून माझा नियम: द्वादशी-त्रयोदशीला सकाळी साडेसहाला जायचं, तेव्हा पाणी चढत असतं आणि नऊच्या आत भरतं, ऊन पण कोवळं असतं. संध्याकाळी जायचं असेल तर सप्तमी-अष्टमी, साडेतीन-चारला. पण तो भांग, पक्ष्यांची गर्दी कमी.

आता हे पक्षी तिथे करतात काय. बाहेरून चिखल म्हणजे चिखल, पण आत शिंपले, शंख, कुर्ल्यांची पिल्लं, आणि मुख्य म्हणजे नाना तऱ्हेचे किडे खच्चून भरलेले असतात. फक्त ते वेगवेगळ्या खोलीवर असतात. आणि पक्ष्यांच्या चोची बघितल्यात तर त्या खोलीच्या मापाने कापून दिल्यासारख्या आहेत. टिलवा हा चिमणीएवढा, त्याची चोच जेमतेम दोन सेंटिमीटर, तो वरचावर टिपतो. चिखल्याची चोच पण आखूड पण डोळे मोठे, तो टोचत नाही, पळतो, थबकतो, बघतो, टिपतो, परत पळतो. पाणटिवळ्याची चोच दहा सेंटिमीटरच्या आसपास, तो पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून शिवणयंत्रासारखी चोच खालीवर करत असतो. आणि कर्ल्यू, त्याची खाली वाकलेली चोच पंधरा सेंटिमीटरपर्यंत जाते, ती तो कुर्लीच्या बिळात वाकवून घालतो. एकाच चिखलावर शेकडो पक्षी एकमेकांच्या ताटातलं न उचलता जेवतात ते असं, मजला वेगळा आहे प्रत्येकाचा.

यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे ते आत बघू शकत नाहीत तरी त्यांना कळतं. चोचीच्या टोकाला हाडात बारीक बारीक खळगे असतात आणि त्यात दाब ओळखणाऱ्या नसांची टोकं. ओल्या चिखलात चोच खुपसली की आतल्या शिंपल्यामुळे पाण्याच्या दाबात जो फरक पडतो तो काही जातींना जाणवतो. शिवाय अख्खी चोच न उघडता नुसतं टोक उघडता येतं, चिमट्यासारखं. म्हणून चिखल ओला पाहिजे, वाळून कडक झाला की ही सगळी यंत्रणा फुकट. पाण्याच्या कडेकडेने ते का चालतात त्याचं हे एक कारण.

हे येतात कुठून? थंडीतले बहुतेक सगळे पाहुणे. आपल्याकडे वाळूवर पळणारा जो छोटा चिखल्या दिसतो तो तिबेटच्या पठारावर, हिमालयाच्या पलीकडे अंडी घालतो. लाटेच्या पुढेमागे खेळण्यातल्या किल्लीच्या गाडीसारखा धावणारा पांढरट सँडरलिंग तर थेट आर्क्टिकच्या टुंड्रात, आणि त्याच्या पायाला मागचं बोट नसतंच, पळायला बरं. ऑगस्टअखेरपासून यायला लागतात, एप्रिल-मेपर्यंत जातात. आधी येतात ती मोठी माणसं, म्हणजे मोठे पक्षी. बऱ्याच जातीत आईबाप पिल्लांना तिथेच सोडून आधी निघतात आणि दोनतीन महिन्यांची पोरं मागून स्वतःची स्वतः येतात, रस्ता कधी न बघता. आपण पोराला पहिल्यांदा पुण्याला एकटं पाठवताना एसटीत बसवून कंडक्टरला चार वेळा सांगतो ते आठवतं.

प्रवासाची तयारी पण बघण्यासारखी असते. निघायच्या आधी ते इतकं खातात की काहींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं, आणि चरबी साठली की लांब पल्ल्याच्या काही जातींचं आतडं, जठर चक्क आक्रसतं, कारण उडताना खायचं नाहीच तर ते ओझं कशाला. २०२२ मधे एका बार-टेल्ड गॉडविटने, म्हणजे पाणटिवळ्याच्याच भावकीतल्या पक्ष्याने, अलास्कातून उडून ११ दिवसात १३,५६० किलोमीटर पार करून टास्मानिया गाठलं, मधे एकदाही न उतरता. पाठीवर सॅटेलाइट टॅग होता म्हणून कळलं. मार्च-एप्रिलमधे आपल्या खाडीवर जे पक्षी खाताना दिसतात ते अशीच टाकी फुल करत असतात, म्हणून त्या वेळी कुत्रा सोडून त्यांना उडवणं किंवा रील काढायला थव्यात धावत जाणं याचा मला खरंच राग येतो. आपल्याला तो दहा सेकंदांचा व्हिडिओ असतो, त्याचं पेट्रोल जातं.

शहराजवळ इतके पक्षी का, हा प्रश्न लोक ठाणे खाडीवरून जास्त विचारतात. कोकणातलंच टोक ते. एका बाजूला मुंबई-ठाणे, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई आणि मधे हजारो फ्लेमिंगो, म्हणजे रोहित. २०१५ साली तिथे अभयारण्य झालं, २०२२ मधे ते पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. गंमत अशी की शहराच्या सांडपाण्यातून येणारी खतं शेवाळ वाढवतात आणि छोटा रोहित नेमकं तेच सूक्ष्म शेवाळ चोच उलटी धरून गाळून खातो, त्याच शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे गुलाबी होतो. म्हणून घाण चांगली असा अर्थ काढू नका. शेवाळाला चालतं ते शिंपल्याला, माशाला चालेलच असं नाही, आणि कारखान्याचं रसायन कुणालाच चालत नाही. शहर पक्ष्यांना खायला देतं आणि त्याच हाताने मारतं पण. मे २०२४ मधे घाटकोपरला उतरत्या विमानाला थवा धडकून तीसपेक्षा जास्त रोहित एका रात्रीत मेले. त्यांचं पण तेच आहे, भरतीला खाडीतला चिखल बुडला की टेकायला दुसरी उथळ जागा लागते, ती नवी मुंबईतली तळी. ती बुजवली, तिथलं पाणी अडवलं की पक्षी रात्रीबेरात्री इकडेतिकडे फिरणार. तळी बुजवू नका या भांडणाला लोक सुशोभीकरणाचं भांडण समजतात, ते मुळात भरतीचं भांडण आहे.

आता दुर्मिळ पक्ष्यांकडे येऊ, कारण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना तेच पाहिजे असतं.

दुर्मिळ हा शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक, जगातच कमी उरलेला. दोन, जगात भरपूर पण इथला नव्हे, वाट चुकून आलेला. तीन, इथलाच, पण कुणी नीट बघितलाच नाही म्हणून दुर्मिळ. कोकणात तिसऱ्या प्रकारचे सगळ्यात जास्त, असं माझं मत. मुंबईत दर रविवारी इतकी माणसं दुर्बीण घेऊन फिरतात, आमच्याकडे खाड्या जास्त आणि बघणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. तिबोटी खंड्याचंच घ्या. चिमणीएवढा, जांभळा-पिवळा-निळा, पायाला तीनच बोटं. लोक त्याला कुठलातरी परदेशी पक्षी समजतात, पण पाऊस लागला की तो ओढ्याच्या मातीत बीळ करून इथेच अंडी घालतो आणि रायगडचा तर तो जिल्हापक्षी आहे. दिसत नाही कारण जून-जुलैच्या पावसात ओढ्याकाठी जळवा लावून घ्यायला जातंय कोण.

दुसऱ्या प्रकारातली खरी मजा पावसाळ्यातच. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि भर समुद्रात राहणारे पक्षी, जे एरवी जमिनीला फक्त अंडी घालायला टेकतात, ते वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर फेकले जातात. मास्क्ड बूबी, फ्रिगेटबर्ड, काळपट सुरय. एरवी यांना बघायला लक्षद्वीपच्या पुढे बोटीने जावं लागतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं, तशा वाऱ्यानंतर दोन दिवस किनारा जरूर बघावा, वादळ पूर्ण गेल्यावर अर्थात, हिरोगिरी नको. बूबी हा बदकाएवढा पांढरा पक्षी, पंखांच्या कडा काळ्या, तोंडाला काळा मुखवटा, आणि वाळूवर बसलेला सापडला तर बहुतेक वेळा उपाशी आणि दमलेला असतो. लोक चांगल्या मनाने दोन चुका करतात. एक, उचलून परत पाण्यात टाकतात, तो तिथून उठू शकत नाही म्हणूनच तर वाळूवर आलेला असतो. दोन, तोंड उघडून पाणी ओततात, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेला खोका घ्या, टॉवेल टाकून त्यात ठेवा (चोच जपून, डोळ्यावर मारतो), काळोखात शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा.

आणि काही पाहुणे नुसते वरून जातात. अमूर ससाणा हा कबुतराएवढा शिकारी पक्षी सैबेरिया-चीनकडून निघतो, ईशान्य भारतात थांबतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरमधे आपल्या डोक्यावरून अरबी समुद्रात शिरतो, पलीकडे आफ्रिका. त्याच वाऱ्यावर चतुर, म्हणजे ते हेलिकॉप्टर किडे, समुद्र ओलांडतात आणि ससाणे वाटेत तेच खात असावेत असं अभ्यासकांना वाटतं. पावसाळा संपल्यावर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, अचानक हजारो चतुर घिरट्या घालायला लागले की मी तेव्हापासून मान वर करून चालायला लागतो. दोनदा ठेच लागलीय, ससाणा एकदा दिसलाय.

इथलाच पण भारदस्त असा एकच पक्षी सांगायचा तर समुद्री गरुड, आमच्याकडे जुने लोक काकण म्हणतात. पांढरं पोट, राखी पाठ, पंख वर उचलून तरंगतो त्यामुळे लांबून इंग्रजी व्हीसारखा दिसतो. घार तशी नसते, तिचे पंख आडवे आणि शेपटीला खाच. सुरूच्या किंवा आंब्याच्या उंच झाडावर मोळीएवढं घरटं, वर्षानुवर्षं तेच वापरतो, आणि समुद्री साप उचलून आणतो. घरट्याखालची हाडं बघितली तर मेनूकार्ड कळतं. पण घरटं कुठे आहे ते फोटोसोबत लोकेशन टाकून सांगू नका. आंब्याच्या बागेत घरटं असेल तर मालकाशी बोला, फांदी तोडणारा तोच आणि राखणारा पण तोच.

ओळखायचं कसं हा पुढचा प्रश्न. नवीन माणूस रंग बघतो आणि तिथेच फसतो, कारण थंडीत हे सगळे पक्षी राखाडी आणि मातकट. काळ्या डोक्याचा कुरव, म्हणजे सीगल, तर थंडीत काळ्या डोक्याचा नसतोच, कानाच्या जागी एक काजळाचा ठिपका राहतो फक्त, मी पहिलं वर्ष पुस्तकातला काळ्या डोक्याचा शोधत बसलो होतो, तो समोरच होता. आधी माप बघा: चिमणी, मैना, कबूतर, कावळा, घार, यांच्यापैकी कुणाएवढा. मग चोच किती लांब, सरळ की वाकडी. मग चालतो कसा. एवढ्यावर निम्मं काम होतं. मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप फोटो आणि आवाजावरून नाव सुचवतं, ठीक आहे, पण त्याचा शब्द शेवटचा मानू नका. आमच्या आळीतल्या साळुंकीने अशा काही नकला केल्या की अ‍ॅपने एका सकाळी चार जाती सांगितल्या.

बघितलेलं ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर टाकाच. तिथे प्रत्येक भागासाठी, प्रत्येक महिन्यासाठी किती संख्या नेहमीची याची चाळणी असते, त्याबाहेरचं काही टाकलंत की ते पुरावा मागतं आणि मग तिथले जाणते लोक तपासतात. लोकांना राग येतो, माझ्यावर विश्वास नाही का म्हणून. अहो, मावशींनी पण मला अष्टमी की नवमी ते दोनदा विचारलं होतं नंतर. आणि काही नाही दिसलं ती यादी पण टाका, दोन बगळे आणि कावळे अशी. कुठला पक्षी कधी नसतो हे कळल्याशिवाय कधी असतो ते कळत नाही.

पक्ष्यांपलीकडचं शहरातलं रानही भरतीवरच हलतं, थोडक्यात सांगतो. कांदळवनातले कोल्हे ओहोटीला चिखलावर उतरतात, पहाटे त्यांचे ठसे कुत्र्यापेक्षा लांबट दिसतात. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, पूर आला की रस्त्यावर येतात, २०२४ च्या पावसाळ्यात एक रिक्षाच्या पुढ्यातून चालत गेलेली सगळ्यांनी बघितली. अंगणातल्या फणसावर रात्री येतो तो कांडेचोर, म्हणजे उदमांजर. बिबट्याबद्दल आम्ही बोलत नाही, तो आमच्याबद्दल बोलत नाही.

एक शेवटचं, पायाकडे बघत जा. चिखल्या-तुतारींच्या पायात कधीकधी रंगीत पट्टी असते, तिच्यावर अक्षरं-आकडे. कुणीतरी कुठेतरी तो पक्षी पकडून, मोजून, सोडलेला असतो आणि तुम्ही वाचलेला कोड बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवला तर तो कुठून आला ते कळतं. १८८३ ची संस्था आहे, पक्ष्यांना कड्या घालण्याचं काम कित्येक दशकं करते. धुरकट फोटो पण चालतो. गेल्या त्रयोदशीला असाच एक पट्टीवाला चिखल्या पुलाखालच्या वाळूवर होता, मी पोटावर झोपून पंधरा मिनिटं सरकत होतो, पहिली दोन अक्षरं लागली, तिसरं त्याच्या दुसऱ्या पायामागे, आणि तेवढ्यात पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. पाऊणपटीचा हिशेब बरोबर होता, मीच विसरलो.